उन्हाळा, हरळी आणि गोल्फचं ग्रीन



गोल्फवर मराठीत व्याख्यान म्हटल्यावर 'हे कुणासाठी?' असा प्रश्न तुम्हाला पडला असेल, तर तो रास्त आहे. आपल्यातल्या बहुतेकांनी गोल्फचं मैदान पाहिलं असेल ते छावणीच्या रस्त्यावरून जाताना, तारेच्या कुंपणापलीकडे. आणि मे महिन्यात पाहिलं असेल, तर मनात एकच विचार आला असेल. आमच्या सोसायटीत टँकर वेळेवर येत नाही आणि इथे गवताला फवारे चालू आहेत! मला तो विचार चुकीचा वाटत नाही. म्हणूनच आज त्या फवाऱ्यांबद्दल आणि त्यांच्याखालच्या गवताबद्दल बोलायचं ठरवलं आहे.

फौजेत छावणीच्या गोल्फ कोर्सची देखभाल हे एखाद्या अधिकाऱ्याला मूळ कामाशिवाय मिळणारं जादा काम असतं. माझ्याकडे ते उत्तर भारतातल्या दोन छावण्यांमध्ये आलं. तिथले पाच उन्हाळे मी माळ्यांबरोबर गवतावर वाकून काढले. जे सांगणार आहे ते तिथलं आहे आणि त्यानंतर वाचून, विचारून पडताळलेलं आहे.

ज्यांना खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. पूर्ण कोर्सला अठरा होल असतात. प्रत्येक होलची सुरुवात 'टी'वरून होते, मधला लांब हिरवा पट्टा म्हणजे फेअरवे, आणि शेवटी जिथे झेंडा रोवलेला असतो ते ग्रीन. ग्रीन साधारण पाचशे चौरस मीटरचं, म्हणजे सहा बॅडमिंटन कोर्टं शेजारीशेजारी मांडली तर होईल एवढं. त्यात १०८ मिलिमीटर व्यासाचं भोक. चेंडू जास्तीत जास्त ४५.९३ ग्रॅमचा. ग्रीनवर चेंडू उडवायचा नसतो, पटरनं हलकेच ढकलून घरंगळवायचा असतो. एवढा हलका चेंडू वाकडा न जाता घरंगळायचा, तर खालचं गवत सतरंजीसारखं हवं. म्हणून ग्रीनवरचं गवत तीन ते पाच मिलिमीटर उंचीवर कापतात. तुमच्या बंगल्यापुढचं लॉन तीस-चाळीस मिलिमीटरचं असतं, यावरून अंदाज करा. तीन मिलिमीटर म्हणजे एकावर एक ठेवलेली दोन नाणी. तेवढ्या पानावर त्या झाडानं जेवायचं, श्वास घ्यायचा आणि बेचाळीस-चव्वेचाळीस अंशांची दुपार काढायची.

हे गवत कुठलं? भारताच्या मैदानी भागात बहुतेक ठिकाणी एकच. आपण भाद्रपदात एकवीस-एकवीसच्या जुड्या करून गणपतीला वाहतो ती दूर्वा. हिंदीत दूब, गोल्फच्या जगात बर्म्युडा ग्रास, शास्त्रीय नाव सायनोडॉन डॅक्टिलॉन. आणि आपल्या शेतकऱ्याच्या भाषेत हरळी. चांगल्या ग्रीनवर तिचे संकरित प्रकार लावतात. टिफड्वार्फ हा त्यातला एक जुना आणि प्रसिद्ध, अमेरिकेत जॉर्जिया राज्यातल्या टिफ्टन गावी तयार झालेला, १९६५ साली बाहेर आलेला. या संकरांना उगवणारं बी धरत नाही, कांड्या तोडून लावाव्या लागतात. पण आई हरळीच.

आमच्याकडे सोलापूरकडचा एक हवालदार होता. नवीन ग्रीनसाठी आलेल्या पोत्यांमधल्या कांड्या त्यानं हातात घेतल्या, उलटसुलट केल्या आणि मला म्हणाला, "साहेब, ही तर हरळी! आमचा बाप जन्मभर हिच्या काशा वेचून कावला, आणि तुम्ही ही पैसे देऊन आणलीत?" मी हसलो खरा, पण नंतर त्याला बसवून सगळं विचारून घेतलं. कारण हरळीचा खरा जाणकार काळ्या रानातला शेतकरी आहे. हरळीच्या काशा, म्हणजे जमिनीखाली धावणाऱ्या कांड्या, काळ्या मातीत हातभर आणि त्याहूनही खोल जातात. वरचं गवत कापा, जाळा, गुरं चारा, पहिल्या पावसात ती पुन्हा हजर. शेतकरी तिला मारतो ती एकाच रीतीनं. उन्हाळ्यात खोल नांगरट करायची, काशा ढेकळांबरोबर उलथून वर आणायच्या आणि वैशाखाच्या उन्हात वाळू द्यायच्या. ऊन हरळीला मारतं ते तिची मुळं उघडी पडल्यावर. मुळं खोल असतील तर तिला तेच ऊन मानवतं.

हे ऐकायला विचित्र वाटेल, पण विज्ञानही तेच सांगतं. ऊस, ज्वारी, बाजरी, मका यांच्या गटात हरळी येते. प्रखर उन्हात आणि उष्म्यात अन्न तयार करण्याची या वनस्पतींची पद्धत गव्हापेक्षा वेगळी आणि कमी पाण्यात जास्त काम करणारी आहे. हवा २७ ते ३५ अंश असली की हरळी सर्वांत जोरात वाढते. जमीन दहा अंशांच्या खाली गेली की ती झोपते. दिल्ली-अंबाल्याकडे जानेवारीत ग्रीन पिवळट तपकिरी दिसतात ते त्यामुळे. म्हणजे आपल्या ग्रीनचा वाढीचा हंगामच मुळी उन्हाळ्यात सुरू होतो.

टीव्हीवर दिसणारी युरोप-अमेरिकेच्या थंड भागातली ग्रीन वेगळी असतात. तिथे बेंटग्रास असतं, ते गव्हाच्या गटातलं, १५ ते २४ अंशांत सुखी. जमीन तापली की त्याची मुळं आखडतात आणि मरायला लागतात. तिथले लोक 'उन्हाळ्यात ग्रीन वाचवणं' म्हणतात ते याच्याबद्दल. दरवर्षी एप्रिलमध्ये ज्याची हिरवाई पाहून आपण थक्क होतो, त्या ऑगस्टा नॅशनलची ग्रीन बेंटग्रासची आहेत. जमिनीखाली नळ्या टाकून मुळांशी हवा खेळवण्याची यंत्रणा तिथे आहे. आणि तरीही तो क्लब मेअखेरीपासून ऑक्टोबरपर्यंत बंद असतो. ही शेवटची गोष्ट आपल्याकडच्या सभासदांना मी वारंवार सांगत आलो आहे. 'ऑगस्टासारखं करा' म्हणणाऱ्यानं आधी पाच महिने घरी बसायची तयारी दाखवावी.

मग आपली उन्हावर वाढणारी हरळी ग्रीनवर मे महिन्यात पिवळी का पडते? कुंपणाबाहेरची, कुणी न पाहिलेली हरळी वाळते पण मरत नाही, आणि रोज पाणी पिणारी, खत खाणारी ग्रीनवरची हरळी मरते. हे कसं?

याचं उत्तर मुळांत आहे, आणि मुळांचं उत्तर कटरमध्ये. पान हा झाडाचा स्वयंपाक. जितकं पान, तितकंच मूळ पोसलं जातं. गवत तीन मिलिमीटरवर कापत राहिलात की मुळं वर येतात. गवत मग जमिनीच्या वरच्या दोन बोटांत जगायला लागतं आणि उन्हाळ्यात सर्वांत आधी वाळतात ती तीच दोन बोटं. शेतकरी नांगरानं मुळं वर आणतो, आम्ही कटरनं आणतो. त्यात आणखी भर घालतो ती रोज संध्याकाळी दहा मिनिटं शिंपडायच्या सवयीनं. वर ओल मिळत असेल तर मूळ खाली कशाला जाईल?

म्हणून ग्रीनचा उन्हाळा फेब्रुवारी-मार्चमध्ये ठरतो. थंडी ओसरली, हरळी जागी झाली, की पोकळ दातांच्या यंत्रानं ग्रीनभर बोटाएवढी भोकं पाडायची, मातीच्या गुळ्या उचलायच्या, भोकांत धुतलेली वाळू भरायची. हवा आणि पाणी खाली जायला वाट होते आणि मूळ त्या वाटेनं उतरतं. सभासद यावर फार नाराज असतात. दोन-तीन आठवडे ग्रीन चाळणीसारखं दिसतं, चेंडू उड्या मारतो. स्पर्धा आहे, पाहुणे येणार आहेत, पुढच्या महिन्यात करा, असे निरोप येतात. मी एका ठिकाणी हे काम दोन वर्षं पुढे ढकललं जाताना पाहिलं आहे. तिथे तिसऱ्या उन्हाळ्यात चार ग्रीन बंद ठेवावी लागली.

दुसरी गोष्ट कटरची उंची. एप्रिल संपता संपता ती एक मिलिमीटरनं वाढवायची. लोकांना एक मिलिमीटर म्हणजे काहीच वाटत नाही. पण तीनाचे चार झाले म्हणजे पान एक-तृतीयांशानं वाढलं. कुठल्या जवानाचा शिधा एक-तृतीयांशानं वाढवला तर तो काय म्हणेल? चेंडू थोडा हळू जाईल. त्याची भरपाई हलका रोलर फिरवून बरीचशी करता येते, पान न कापता.

आता पाण्याकडे येतो. गवताला तहान लागली आहे हे रंगावरून कळतं, पण पावलावरून त्याआधी कळतं. पाणी भरलेलं पान पाऊल उचललं की लगेच उभं राहतं. तहानलेलं पान दबलेलंच राहतं. कच्छ-राजस्थानच्या सरहद्दीवर पागी वाळूतली पावलं वाचतात, तसे आमचे माळी दुपारी बारा-साडेबाराला ग्रीनवरून चालत जाऊन मागे वळून पाहायचे. "साब, पैर बैठ रहा है," एवढंच म्हणायचे. त्यानंतर अर्ध्या-पाऊण तासात तिथे निळसर राखाडी छटा येते. त्याहून उशीर झाला तर पान वाळतं, आणि मग कितीही पाणी ओतलं तरी ते पान परत येत नाही.

पाऊल बसायला लागल्यावर काय करायचं? फक्त पान ओलं होईल एवढा बारीक फवारा, मिनिट-दोन मिनिटं. दुपारी पाणी घातलं की थेंब भिंगाचं काम करून पानं जाळतात, असं अनेक जण छातीठोकपणे सांगतात. गुळगुळीत पानावर तसं होत नाही. त्या फवाऱ्याचा उद्देश मुळाला पाणी देणं हा नसतोच. पानावरचं पाणी वाफ होताना पानाची उष्णता घेऊन जातं. आपल्या माठाचं आणि वाळ्याच्या पडद्याचं तेच तत्त्व. तुमच्यातल्या नागपूरकरांना आणि दिल्लीकरांना कूलरवरून हे लगेच कळेल. मे महिन्यात कूलर खोली गार करतो आणि ऑगस्टमध्ये तोच कूलर नुसता दमटपणा देतो. ४२ अंशांच्या कोरड्या हवेत तापमापकाच्या फुग्याला ओलं फडकं गुंडाळलं तर पारा २४-२५ च्या आसपास थांबतो. ऑगस्टमध्ये हवा ३३ अंशांची आणि आर्द्रता ८० टक्के असते, तेव्हा तेच फडकं पाऱ्याला ३० च्या फारसं खाली उतरवत नाही. म्हणून मेमधला दुपारचा फवारा उपयोगाचा, आणि श्रावणातला निव्वळ अपायाचा. मैदान तेच, माळी तोच, नळीही तीच, पण तीन महिन्यांत नियम उलटा होतो. हे ज्याच्या लक्षात येत नाही तो मेमध्ये वाचवलेलं ग्रीन ऑगस्टमध्ये घालवतो.

मुख्य पाणी द्यायचं ते पहाटे. तीन-चार वाजता वारा पडलेला असतो, वाफ कमी होते, फवारा वाऱ्यानं बंकरमध्ये जात नाही, आणि सूर्य वर येईपर्यंत पान कोरडं होतं. हे पाणी वीतभर खाली पोचलं पाहिजे. पोचलं का, हे पाहायला यंत्र लागत नाही, चाकूनं मातीचा एक उभा तुकडा काढून बोटानं चाचपून पाहायचं. पुस्तकांत लिहिलेलं असतं की दोन-तीन दिवसांआड भरपूर द्या. मातीच्या जुन्या ग्रीनवर ते जमतं. नव्या पद्धतीच्या ग्रीनवर, लू वाहत असताना, जमत नाही. ही ग्रीन अमेरिकन गोल्फ संघटनेनं १९६० मध्ये प्रसिद्ध केलेल्या रचनेवर बांधलेली असतात. खाली दहा सेंटिमीटर खडी, वर तीस सेंटिमीटर वाळू. पावसाचं पाणी झटकन निघून जावं यासाठी ती उत्तम, पण आपल्या मे महिन्यात त्या वाळूला रोज पाणी लागतंच. ज्याला हे ठाऊक नाही तो पुस्तक हातात धरून ग्रीन जाळतो.

वाळूच्या ग्रीनची आणखी एक खोड. एखादा भाग पूर्ण कोरडा झाला की मुळांच्या कुजक्या अंशाचा मेणासारखा लेप वाळूच्या कणांवर बसतो आणि ती जागा पाणी घेणंच सोडते. घरी कुंडी पूर्ण वाळू दिली की पाणी मातीत न शिरता कडेनं खाली निघून जातं, तसंच. अशा जागी अख्ख्या ग्रीनचा फवारा वाढवला तर बाकीचं ग्रीन कुजतं आणि ती जागा कोरडीच राहते. तिथे माणूसच लागतो. हातात नळी, काट्यानं टोचलेली भोकं, पाणी पसरवणारं थोडं द्रावण, आणि चिकाटी.

क्षारांबद्दल दोनच वाक्यं. कूपनलिकेचं पाणी जड असेल, तर पाणी उडून जातं आणि मीठ मुळांशी राहतं. हरळी बरंच मीठ सोसते, तरी पंधरवड्यातून एकदा सढळ पाणी देऊन ते खाली धुऊन काढावं लागतं.

आता खेळाडूंची आवड, म्हणजे ग्रीनचा वेग. तो मोजायला स्टिंपमीटर नावाची साधी पन्हळीसारखी पट्टी असते. एडवर्ड स्टिंपसन यांनी ती १९३५ साली बनवली. पट्टीच्या खाचेत चेंडू ठेवायचा, एक टोक वर उचलायचं, साधारण वीस अंशांना चेंडू सुटतो, आणि सपाट जागेवर तो किती फूट गेला ते मोजायचं. आठ-नऊ फूट म्हणजे आपल्याकडे चांगलं ग्रीन. टीव्हीवर बारा-तेरा फूट पाहून इथेही तेच हवं असतं. पाणी तोडलं, गवत खाली कापलं, रोलर फिरवला, की वेग मिळतो. एक दिवस मिळतो.

याचं सर्वांना माहीत असलेलं उदाहरण २००४ च्या यूएस ओपनचं. न्यूयॉर्क राज्यातलं शिनेकॉक हिल्स हे मैदान, जून महिना. ग्रीन वेगवान राहावीत म्हणून पाणी तोडलेलं, त्यात कोरडा वारा. शेवटच्या रविवारी सातव्या होलचं ग्रीन इतकं टणक झालं की नीट मारलेला चेंडूही थांबेना. शेवटी आयोजकांना चालू स्पर्धेत, खेळाडूंच्या दोन गटांच्या मध्ये, त्या ग्रीनवर पाणी मारावं लागलं. त्या दिवशी एकाही खेळाडूला पारपेक्षा कमी फटक्यांत फेरी पूर्ण करता आली नाही. जगातल्या सर्वोत्तम तज्ज्ञांच्या हातून जूनमधल्या एका वाऱ्यात हे होत असेल, तर जैसलमेरच्या दिशेनं येणाऱ्या लूपुढे आपण वेगाचा हट्ट किती धरावा?

खेळाडूंसाठी एवढं सांगतो. मेमध्ये ग्रीन वरून टणक असतं, म्हणून झेंड्यावर थेट उतरवलेला चेंडू पलीकडे निघून जातो. तो अलीकडेच पाडा आणि धावू द्या. पण घरंगळताना वेग सकाळी जास्त आणि दुपारी कमी लागेल, कारण उन्हात हरळी तासातासाला वाढते. सकाळी सातला सहज आत जाणारा पट अकरा वाजता वीतभर आधी थांबला, तर पटर बदलू नका.

आता त्या कुंपणाबाहेरच्या माणसाच्या प्रश्नाकडे येऊ. किती पाणी लागतं? हिशेब सोपा आहे. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. उत्तरेच्या उन्हाळ्यात ग्रीनला रोज पाच-सहा मिलिमीटर लागतं. पाच धरू. अठरा ग्रीन आणि सरावाची दोन, मिळून दहा हजार चौरस मीटर, म्हणजे एक हेक्टर. रोजचं पाणी पन्नास हजार लिटर. दहा हजार लिटरचे पाच टँकर. जल जीवन मिशनचं मापक माणशी रोज ५५ लिटर आहे. त्या हिशेबानं हे नऊशे माणसांचं पाणी झालं. लहानसं गाव. कमी नाही.

पण खरा आकडा पुढे आहे. फेअरवे बारा-तेरा हेक्टर असतात. त्यांनाही याच मापानं पाणी दिलं तर रोज सहा लाख लिटरच्या वर जातं. अकरा हजार माणसांचं पाणी. म्हणजे ज्या हिरवाईवर लोकांचा राग असतो, तिच्यातला ग्रीनचा वाटा तेरा-चौदा भागांतला एक. बाकीचं सगळं फेअरवेच्या डोळ्यांना बरं दिसणाऱ्या हिरवेपणासाठी.

आणि फेअरवेवरची हरळी साधी, गावठी, खोल काशांची. तिला मेमध्ये पाणी दिलं नाही तर ती तपकिरी होते, बस. मरत नाही. सोलापूरच्या हवालदाराचा बाप साक्षीला आहे. पाऊस पडला की दहा-पंधरा दिवसांत ती हिरवी होते. तपकिरी फेअरवेवर चेंडू उलट लांब धावतो. स्कॉटलंडमध्ये समुद्रकाठच्या जुन्या मैदानांवर उन्हाळ्यात फेअरवे पिवळे पडतात आणि तिथे त्याची कुणाला लाज वाटत नाही. संकरित हरळीची ग्रीनवरची मुळं मात्र उथळ, तिला सोडून दिलं तर पुन्हा लावावी लागते, आणि त्याला पैसा, वेळ आणि आणखी पाणी लागतं. म्हणून माझं स्पष्ट मत असं आहे की एप्रिल ते जून फेअरवेचं पाणी बंद करावं, ग्रीन आणि टी तेवढे जगवावेत. मी जिथे हे मांडलं तिथे 'मग कोर्स कोर्ससारखा दिसणार नाही' हे उत्तर मिळालं. एका ठिकाणी मान्य झालं, तेही बोअर आटल्यावर.

२०१६ चा एप्रिल तुम्हाला आठवत असेल. मिरजेहून रेल्वेनं लातूरला पिण्याचं पाणी जात होतं, आणि त्याच महिन्यात मुंबई उच्च न्यायालयानं ३० एप्रिलनंतरचे आयपीएलचे सामने महाराष्ट्राबाहेर हलवायला सांगितले. तेव्हा क्रिकेटच्या पाण्याबद्दल देशभर वाद झाला. गोल्फचा कुणी फारसा उल्लेख केला नाही, कारण तो कुंपणाआड असतो. कुंपणाआड असलेल्यांनी हा हिशेब स्वतःहून मांडायला हवा, असं मला वाटतं. पाणी कुठून येतं ते फलकावर लिहावं. सांडपाणी शुद्ध करून वापरता येतं आणि ते वापरावंच. त्यात मीठ आणि नत्र दोन्ही असतं, म्हणून क्षार धुवायचे आणि तेवढं खत कमी द्यायचं, एवढं पथ्य पाळलं की हरळी त्यावर छान राहते. पिण्याचं पाणी गोल्फला देण्याचं समर्थन मी करू शकत नाही. फौजी म्हणूनही नाही आणि गोल्फवेडा म्हणूनही नाही.

जिथे खरोखरच पाणी नाही तिथे जुन्या लोकांनी वेगळी तोड काढली होती. ग्रीनऐवजी ब्राउन. बारीक वाळूत थोडं तेल कालवून थापलेला गोल चौथरा. तेलामुळे वाळू उडत नाही. पट मारण्याआधी चेंडूपासून भोकापर्यंत एक जड फळी ओढून पावलांच्या खुणा पुसायच्या. आज ते तेल जमिनीत मुरवणं पटत नाही, पण त्यावर खेळून तयार झालेले खेळाडू सरळ पट मारण्यात पक्के असतात, कारण तिथे गवताला दोष देता येत नाही.

शेवटचा भाग पावसाचा. ग्रीनच्या दृष्टीनं उन्हाळा मृगाच्या पहिल्या सरीनं संपत नाही. उत्तरेत जुलै-ऑगस्टमध्ये रात्रीसुद्धा पारा २७-२८ अंशांच्या खाली उतरत नाही, हवा चिंब, आकाश झाकलेलं. हरळीला ऊन हवं असतं आणि तेच मिळत नाही. मेमध्ये जी झाडं सावलीसाठी गोड वाटतात, त्यांच्याखालची ग्रीन आता विरळ होतात, शेवाळ धरतात. ओलं पान रात्रभर ओलंच राहिलं की बुरशी येते आणि काही बुरशा एका रात्रीत ताटाएवढे डाग पाडतात. सकाळी लवकर लांब काठीनं दव झाडून टाकणं, निचऱ्याची भोकं उघडी ठेवणं, पूर्वेकडच्या फांद्या वेळेवर छाटणं, ही कामं औषधापेक्षा स्वस्त आणि जास्त उपयोगी आहेत. आणि मेमध्ये वाढवलेला कटरचा तो एक मिलिमीटर, पाऊस सुरू झाला म्हणून लगेच खाली आणायचा नाही. ढगाळ दिवसांत पानाला तो उन्हाळ्याइतकाच लागतो. ऑक्टोबरमध्ये आकाश मोकळं झालं, सकाळी पाऊल उचलल्याबरोबर गवत उभं राहायला लागलं, की मग कटर खाली घ्या.